अंतराळात दात घासायच्या ब्रशने दुरुस्ती

कुहीच्या आकाशात कधी पहाटे, कधी संध्याकाळी एक ठळक ठिपका न लुकलुकता सरकताना दिसतो. तो तारा नव्हे, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. २०१२ मध्ये त्याचा वीजपुरवठा एका बोल्टपाशी अडला होता.

सौर पॅनेलची वीज स्थानकभर वाटणाऱ्या चार मोठ्या पेट्या स्थानकाबाहेर बसवलेल्या आहेत. त्यातली एक २०११ मध्ये आज्ञा पाळेनाशी झाली. अशी पेटी बाहेर उघडून दुरुस्त करता येत नाही. अख्खीच बदलावी लागते. ३० ऑगस्ट २०१२ रोजी सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे आठ तासांहून अधिक काळ बाहेर झटले, पण नव्या पेटीचा बोल्ट बसेना. शेवटी पेटी पट्ट्याने बांधून दोघे आत परतले. आठपैकी दोन वीजवाहिन्या बंदच राहिल्या.

बोल्टच्या जागेत धातूचा कीस अडकला होता. तो काढायचे अवजार स्थानकात नव्हते. मग जमिनीवरच्या अभियंत्यांच्या सल्ल्याने दात घासायच्या ब्रशपासून आणि जुन्या केबलच्या तारांपासून साफसफाईची अवजारे तयार झाली. ५ सप्टेंबरला कीस निघाला, वंगण लागले, बोल्ट बसला आणि वीज पुन्हा सुरू झाली.