ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीसाठी टिकाऊ टायरची निवड : मराठवाड्यातील ऊसतोड टोळ्यांच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश : ऊस वाहतुकीची ट्रॉली हे केवळ मालवाहतुकीचे साधन नसून हंगामाच्या प्रारंभी व अखेरीस ती ऊसतोड कुटुंबाचे फिरते बिऱ्हाडही असते. तिच्या टायरची निवड बहुधा किंमत व नक्षीची जाडी पाहून केली जाते. भारक्षमता, टायरचे वय आणि हवेचा दाब हे तीन घटक टिकाऊपणाच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : ट्रॉली, ऊसतोड टोळी, भार निर्देशांक, हवेचा दाब, रबराचे वार्धक्य.

प्रस्तावना

१९७६ मध्ये जायकवाडी प्रकल्पाचे लोकार्पण झाल्यानंतर गोदाकाठच्या सिंचनाला नवे बळ मिळाले. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांत उसाचे फड दिसतात. दुसरीकडे, बीड जिल्ह्यातून व मराठवाड्याच्या अन्य कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता मानून मुकादम उचल देतो. गाडी सेंटरची टोळी टायरच्या बैलगाडीने ऊस वाहते, तर डोकी सेंटरची टोळी मोळ्या डोक्यावरून नेऊन ट्रक वा ट्रॉलीत भरते.

घर सोडताना याच ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, सरपण, शेळ्या आणि त्यावर बसलेली माणसे असतात. पाश्चात्त्य देशांत सहलीसाठी मोटारीमागे जोडल्या जाणाऱ्या निवासी ट्रेलरशी या ट्रॉलीचे साम्य वरवरचे वाटेल. परंतु टायरच्या दृष्टीने दोन्हींचे दुखणे एकच आहे. दोन्ही वाहने काही महिने जड ओझ्याने धावतात आणि उरलेले महिने उघड्यावर उभी असतात.

उद्दिष्टे

१. ट्रॉलीच्या टायरवरील ताणाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. निवडीचे व्यवहार्य निकष मांडणे.
३. बिगरहंगामी काळातील देखभालीचे महत्त्व विशद करणे.

ट्रॉलीच्या टायरचे वेगळेपण

ट्रॅक्टरचा मागील टायर जमिनीला रेटा देऊन वाहन ओढतो. म्हणून त्यास उंच व तिरकस दाते आवश्यक असतात. ट्रॉलीचा टायर केवळ भार पेलतो व मागोमाग फिरतो. त्यामुळे त्याला लांब, सरळ पट्ट्यांची नक्षी अधिक उपयुक्त ठरते. अशा नक्षीमुळे रस्त्यावर चाक सरळ रेषेत चालते व झीजही सम प्रमाणात होते. मात्र ट्रॉलीच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर अधिक ताण येतो. वळणावर, चाकोरीतून बाहेर पडताना आणि तोडलेल्या उसाची धसकटे टोचत असताना ही भिंतच आघात सोसते. यास्तव खरेदीच्या वेळी केवळ तळवा न पाहता बाजूची भिंतही बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

निवडीचे निकष

१. भारक्षमता : टायरच्या भिंतीवर आकारमानानंतर जो भार निर्देशांक छापलेला असतो, तो एका टायरची कमाल वहनक्षमता दर्शवितो. निर्देशांक १४० म्हणजे २,५०० कि.ग्रॅ., १४६ म्हणजे ३,००० कि.ग्रॅ. आणि १५० म्हणजे ३,३५० कि.ग्रॅ. होय. ही क्षमता उत्पादकाने सांगितलेल्या दाबावर व वेगावरच लागू असते. निर्देशांकापुढील अक्षर वेगमर्यादा सांगते; उदाहरणार्थ, ‘ए ८’ म्हणजे ताशी ४० कि.मी.

समजा, चारचाकी ट्रॉलीचे उसासह एकूण वजन १० टन आहे. सरासरीने प्रत्येक चाकावर २,५०० कि.ग्रॅ. भार येतो व १४० निर्देशांक पुरेसा वाटतो. परंतु मागील आसावर ६० टक्के वजन आल्यास तेथील प्रत्येक चाकावर ३,००० कि.ग्रॅ. भार पडतो. मोळ्या एका अंगाला कलल्या तर त्या बाजूच्या चाकावर तो आणखी १० टक्क्यांनी वाढून ३,३०० कि.ग्रॅ. होऊ शकतो. म्हणून निवड सरासरीवरून न करता सर्वाधिक भाराच्या चाकावरून करावी. तेवढ्या क्षमतेचा टायर उपलब्ध रिमवर बसत नसेल, तर ओझे कमी करणे हाच एकमेव मार्ग उरतो.

‘प्लाय रेटिंग’ ही संज्ञाही समजून घेतली पाहिजे. पूर्वी ती सुती थरांची प्रत्यक्ष संख्या दर्शवीत असे. आता ती केवळ तुलनात्मक बळाची निदर्शक आहे. ‘१६ प्लाय’ म्हणजे आत १६ थर आहेत, असा अर्थ होत नाही.

२. रचना : आडव्या-तिरप्या नायलॉन थरांच्या टायरची भिंत जाड असते. धसकटे, दगडगोटे व शेतरस्ता यांत तो तग धरतो आणि त्याची दुरुस्तीही सुलभ असते. रेडियल टायर डांबरी रस्त्यावर कमी तापतो. दीर्घ पल्ल्याच्या वाहतुकीस तो सरस ठरतो. फडापासून कारखान्यापर्यंतचा मार्ग कसा आहे, यावर निवड अवलंबून असावी. एकाच आसावर दोन्ही प्रकार मिसळू नयेत.

३. वय : टायरच्या भिंतीवरील संकेतचिन्हाच्या अखेरीस चार अंक असतात. ‘२३२५’ याचा अर्थ २०२५ या वर्षाच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. ट्रॉलीसाठी ट्रकचे जुने किंवा रिमोल्ड केलेले टायर घेण्याची प्रथा आहे. रिमोल्डमध्ये तळव्याचे रबर नवे होते, परंतु सांगाडा व भिंत जुनीच राहते. सांगाडा निर्दोष असल्यास असा टायर चालतो. तथापि नव्या नक्षीमुळे त्याचे वय झाकले जाते, हे ध्यानात ठेवावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दुचाकी व तीनचाकी वगळता अन्य मोटार वाहनांसाठी नक्षीची किमान खोली १.६ मि.मी. आवश्यक आहे, परंतु नक्षी शाबूत असणे म्हणजे टायर शाबूत असणे नव्हे.

हवेचा दाब आणि उष्णता

टायरमधील हवा हीच वस्तुतः भार पेलते. रबर व धागे त्या हवेला कोंडून ठेवतात. हवा कमी असल्यास प्रत्येक फेऱ्यात भिंत अधिक वाकते व त्यातून उष्णता निर्माण होते. रबर उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती आतच साठते, थरांमधील बंध सैल होतात आणि अखेरीस टायर फुटतो. त्या वेळी दोष खड्ड्याला दिला जातो; वस्तुतः टायर कित्येक खेपांपूर्वीच आतून खिळखिळा झालेला असतो.

काठीने ठोकून किंवा लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची सवय विश्वसनीय नाही. पहाटे पहिल्या खेपेपूर्वी, टायर थंड असताना, गेजने दाब मोजावा. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. म्हणून हवा सोडू नये, कारण टायर निवल्यावर ती आणखी कमी भरते.

बिगरहंगामी देखभाल

टायरच्या रबरात ओझोनपासून संरक्षण करणारे मेणासारखे घटक मिसळलेले असतात. टायर फिरत असताना भिंत वाकते व हे घटक पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या वाहनात ही क्रिया मंदावते. त्यातच मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि भिंतीवर बारीक भेगा पडू लागतात. परदेशातील निवासी ट्रेलरचे टायरही म्हणूनच नक्षी शिल्लक असताना साधारणतः ५-६ वर्षांत बदलण्याचा सल्ला दिला जातो.

गाळप संपल्यावर ट्रॉली पूर्ण रिकामी करावी, आसाखाली भक्कम ठोकळे देऊन चाके जमिनीपासून उचलावीत, टायर धुऊन ग्रीस व डिझेलचे डाग काढावेत आणि गोणपाटाने झाकावेत. वेल्डिंगचे काम व विजेच्या मोटारी यांपासून ओझोन निर्माण होत असल्याने ट्रॉली त्यांच्याजवळ उभी करू नये.

निष्कर्ष

१. ट्रॉलीचा टायर अनेकदा नक्षी झिजण्याआधीच अतिभार, अपुरी हवा व वार्धक्य यांमुळे निकामी होतो.
२. खरेदी करताना सर्वाधिक भाराच्या चाकाची गरज, निर्मितीचा आठवडा व भिंतीची स्थिती प्रथम पाहावी. किंमत व नक्षी त्यानंतर.
३. हंगामाच्या मध्यात टायर फुटल्यास खेप बुडते, टोळीचा खाडा होतो आणि उचल फेडणे लांबते. बिऱ्हाड घेऊन जाताना तो फुटला, तर हानी केवळ पैशाची राहत नाही.

टायर निवडणारा वाहनमालक असतो. त्या टायरच्या भरवशावर रात्रीचा प्रवास करणारे मात्र कोयत्याचे कुटुंब असते. म्हणून हंगामापूर्वी वाहनाचा करार करताना टायरचे वय व भारक्षमता तपासून नोंदविण्याची पद्धत साखर कारखान्यांनी अंगीकारणे उचित ठरेल. त्यास लागणारे साहित्य म्हणजे एक गेज, एक वही आणि टायरवरील अक्षरे वाचण्यापुरता वेळ, एवढेच आहे.