हिंदूरावची टेकडी आणि पाण्याचा दाखला

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसाच्या कानी एक नाव पडते आणि तो क्षणभर थबकतो. हे नाव हिंदूराव. उत्तर दिल्लीच्या रिजवरील महापालिकेचे मोठे रुग्णालय याच नावाने ओळखले जाते. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला. त्यानंतर त्याची येथील कोठी हिंदूरावांनी विकत घेतली. रुग्णालयाच्या आवारात तुघलक काळातील एक बारवही आहे. एके काळी टेकडीवरील माणसांची तहान तिच्यावर भागत असे. पुढे शहराची तहान यमुनेकडे वळली आणि टेकडीच्या पूर्वेस, सिव्हिल लाइन्सच्या पलीकडे, चंद्रावल येथे पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था उभी राहिली.

या चंद्रावलच्या पाण्याने एकदा दिल्लीला फार महागडा धडा दिला. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह वझिराबाद येथील उपसा केंद्रापासून दूर सरकला. नजफगड नाल्याचे सांडपाणी खरे तर या केंद्राच्या खालच्या बाजूस नदीला मिळते. परंतु नोव्हेंबरच्या मध्यास ते मागे फिरून थेट उपशाच्या तोंडाशी आले. सुमारे आठवडाभर ही स्थिती टिकली. केंद्रातील कर्मचाऱ्यांना धोका उमगला नव्हता असे नाही. त्यांनी तुरटीची व क्लोरीनची मात्रा वाढविली. शुद्ध केलेल्या पाण्याची जंतुपरीक्षाही बहुतांशी समाधानकारक आली.

डिसेंबरच्या आरंभी मात्र घरोघरी काविळीचे रुग्ण दिसू लागले. जानेवारी १९५६ अखेरपर्यंत सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाल्याचा अंदाज पुढे डॉ. विश्वनाथन यांनी केलेल्या अभ्यासात मांडला गेला. गरोदर स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक होते. याच काळात विषमज्वर व आमांश यांचे रुग्ण मात्र वाढले नाहीत. क्लोरीनने जंतू मारले होते, विषाणू तगले होते. ज्या परीक्षेवर विसंबून पाणी सोडले गेले, ती जंतूंची होती. विषाणूंविषयी तिने काहीच सांगितले नव्हते. शिवाय आजार अंगात मुरण्यास काही आठवडे लागत असल्याने, रुग्ण दवाखान्यात पोहोचले तेव्हा नळाचे दूषित पाणी केव्हाच वाहून गेले होते.

या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुढे कामी आले. त्यांची फेरतपासणी होऊन, हा विषाणू तोवर ज्ञात असलेल्या काविळींचा नव्हे, असा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. आज या आजारास आपण हिपॅटायटिस ई म्हणतो.

आम्हा बँकवाल्यांना ३१ मार्चच्या ताळेबंदाची सवय असते. तो त्या दिवसापुरता खरा असतो. १ एप्रिलची हमी त्यात नसते. पाण्याचा नमुनाही तसाच. तो कोठून घेतला, केव्हा घेतला आणि कशासाठी तपासला, हे तीन तपशील नसतील तर 'पाणी पिण्यायोग्य' हा शेरा मला अपुरा वाटतो. आयएस १०५०० हे आपले भारतीय मानक या बाबतीत बरेच स्पष्ट आहे. क्लोरीनयुक्त पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे तो किमान ०.५ मिलिग्रॅम असावा, असे ते सांगते. मोजमाप नळाशी करावयाचे, केंद्राच्या दाराशी नव्हे. पाणी ठरावीक वेळीच येते अशा शहरात रिकाम्या नळात दाब उरत नाही आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. घराघरांतून थेट नळाला लावलेले पंप त्यात भरच घालतात. (हा दोष मात्र सरकारच्या माथी मारता येणार नाही!)

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष केंद्र सरकारने जाहीर केले. दिल्लीतील नळाचे ११ पैकी ११ नमुने मानकास उतरले नाहीत; मुंबईचे सर्व दहा उतरले. एवढ्या मोठ्या शहराचा निवाडा ११ नमुन्यांवर कसा करावा, असा दिल्ली सरकारचा आक्षेप होता. आक्षेप बिनतोड नसला तरी अगदीच गैरलागू नव्हता. मात्र त्याचे उत्तर अधिक नमुने घेऊन ते प्रभागवार प्रसिद्ध करणे हेच होते. उभयपक्षी पत्रकबाजी हे नव्हे.

महाराष्ट्रातील खेड्यांत आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची व त्यांच्या परिसराची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळी व हिरवी कार्डे देतो. मानकातील आकडे न वाचता येणाऱ्या आजीबाईलाही लाल कार्डाचा अर्थ कळतो. राजधानीच्या गल्लीबोळांत असे कार्ड अद्याप माझ्या पाहण्यात आलेले नाही. आमच्या सोसायटीच्या फलकावर विजेच्या देयकाची अंतिम तारीख दरमहा लागते. त्याशेजारी नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा आकडा लावण्याची सूचना मी गेल्या सभेत केली असून, ती तूर्त विचाराधीन आहे.