जुना फोटो चकाचक करण्याआधी हे ऐका

आजचा भाग प्रवासात ऐकत असाल तरी चालेल, पण घरी गेल्यावर कॉम्प्युटर सुरू करावा लागेल, हे आधीच सांगतो.

समजा, आजी-आजोबांच्या लग्नाचा एकच कृष्णधवल फोटो घरात उरलाय. आपण काय करतो? मोबाइलने त्याचा फोटो काढतो आणि फॅमिली ग्रुपवर टाकतो. कुणीतरी तो ॲपमधून चकाचक करून परत पाठवतं, आणि मग तोच 'खरा' फोटो म्हणून फिरत राहतो. गडबड इथेच आहे.

मोबाइलमधले बरेचसे फोटो जेपेग असतात. हा १९९२ सालचा फॉरमॅट फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडतो आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देतो. म्हणून फाइल लहान होते. फाइल नुसती उघडली किंवा कॉपी केली तर काही बिघडत नाही. पण बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली, की दर वेळी थोडं थोडं जातं. गेलेलं परत येत नाही. व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवलं तरी तो दाबला जातो. जसाच्या तसा हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

म्हणून पहिलं काम, नीट स्कॅन. स्कॅनरची काच पुसा आणि ६०० डीपीआय निवडा. ४ बाय ६ इंचाच्या फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे साधारण ८६ लाख. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. का? पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतो, लाल चॅनलमध्ये बराच फिका पडतो. ही माहिती पुढे डाग काढताना कामाला येते. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, त्यात काही गमावत नाही. टिफ न दाबता सेव्ह केली तर २६ एमबीच्या आसपास होईल. होऊ द्या! ही झाली मूळ प्रत. हिला परत हात लावायचा नाही.

आता हिची कॉपी काढा आणि ती गिम्पमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. 'लेव्हल्स'मध्ये डोंगरासारखा आलेख दिसेल. डावा काळा त्रिकोण आलेख सुरू होतो तिथपर्यंत सरकवा, उजवा पांढरा त्रिकोण संपतो तिथपर्यंत. विटलेला फोटो लगेच उठून दिसतो. पण त्रिकोण आलेखाच्या आत घुसवू नका, नाहीतर पांढऱ्या साडीच्या चुण्या गायब होऊन नुसता पांढरा पट्टा उरेल. ओरखड्यांसाठी 'हील' टूल वापरा. शार्पन सगळ्यात शेवटी, आणि तेही बेताने. काम एक्ससीएफमध्ये सेव्ह करा, ग्रुपसाठी जेपेग वेगळी काढा.

आणि एआय? समजा, फोटोत चेहरा जेमतेम २० पिक्सेल रुंद आहे. पापण्या, ओठांच्या कडा त्यात नोंदल्याच गेलेल्या नाहीत. एआय त्या इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने भरतं. निकाल सुंदर दिसेल, पण ते डोळे आजीचेच असतील याची खात्री नाही. ज्या नातवंडांनी तिला पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी मात्र तोच तिचा चेहरा होऊन बसेल. करायचं तर जरूर करा, फक्त फाइलच्या नावात 'एआय' लिहा आणि मूळ प्रत शेजारी ठेवा.

शेवटचं. मूळ प्रतीच्या तीन कॉपी ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा ताईच्या घरी. फाइलच्या नावात माणसं, गाव आणि साल लिहा. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. ते कुठल्याच सॉफ्टवेअरला नंतर सांगता येणार नाही.

भेटू पुढच्या भागात!