जुनी फटफटी, नवी फटफटी

आपल्या वार्षिक अंकात कविता असतात, सहलीचे वर्णन असते, एखाद्या कादंबरीवरचे टिपण असते. मोटारसायकलीवर लेख लिहिणे कला शाखेच्या विद्यार्थ्याला शोभत नाही, असे आमच्या काही मित्रांचे मत पडले. वस्तुतः महाविद्यालयाच्या मागच्या पटांगणातल्या दुचाकी मोजल्या, तर ग्रंथालयात बसलेल्या डोक्यांपेक्षा त्या खात्रीने जास्त भरतील. ज्या वस्तूवर बसून आपण इथवर येतो तिच्याविषयी चार गोष्टी ठाऊक असाव्यात, इतकाच या लेखाचा हेतू. मला तर त्या गरजेपोटीच समजून घ्याव्या लागल्या.

आमच्या घरी 1986 सालची बुलेट आहे. 350 सी.सी.ची, बिडाच्या सिलिंडरची, उजव्या पायात गिअर असलेली. आजोबांनी ती उसाच्या बिलातून घेतली, पुढे वडिलांनी वापरली, आणि गेले दीड वर्ष मी तिच्यावरून रोज 22 किलोमीटर येतो व तितकाच परत जातो. यंदा तीन गोष्टी एकदम जुळून आल्या. इंजिन खोलून बोअर करावे लागेल, असे मेस्त्रींनी सांगितले. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. आणि धाकटी बहीण येत्या जूनपासून याच महाविद्यालयात येणार. पहिल्या तासाच्या वेळेला जुळणारे दुसरे वाहन आमच्या गावाहून नाही. म्हणजे एक वर्ष दोघांनी एका गाडीवरून यायचे आणि मी बाहेर पडलो की ती गाडी तिने चालवायची. वडील म्हणाले, "रोज तू चालवतोस, तवा तूच बघून सांग. बोअर करायचं, का नवी घ्यायची? फकस्त जाहिरात वाचून सांगू नगंस."

नवी म्हणजे कोणती, हा प्रश्न आमच्या घरात उद्भवत नाही. 2021 च्या सप्टेंबरात नव्या इंजिनाची क्लासिक 350 आली, तीच पाहायची ठरले. या गाडीचे घराणे मूळ इंग्लंडमधल्या रेडिच गावचे. आपल्या सैन्याला गाड्या हव्या होत्या, म्हणून 1955 साली मद्रासेत एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. 1970 च्या सुमारास इंग्लंडमधले काम बंद पडले. मद्रासचे चालूच राहिले. बिडाच्या सिलिंडरचे ते इंजिन किरकोळ फेरफार सोडले तर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होते. तेव्हा आमची गाडी 1986 ची असली तरी तिची कुंडली 1955 ची आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता आकडे पाहू. जुन्या इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर. म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि त्यात पिस्टन वर-खाली जातो ते अंतर. शाळेतले सूत्र आठवून गुणाकार केला की 346 घन सेंटिमीटर येतात, सी.सी. म्हणतात ते हेच. नव्या इंजिनाचा बोअर 72 आणि स्ट्रोक 85.8, उत्तर 349. जुन्याची ताकद 18 अश्वशक्ती, नव्याची 20 च्या किंचित वर. इतक्या वर्षांत वाढली ती दोन अश्वशक्ती! त्यात नवी गाडी 195 किलोंची, जुनीपेक्षा चांगलीच जड. कागदावर पाहिले तर दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात. माझी पहिली फेरी होईपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

शोरूममधली फेरी तीन किलोमीटरांची असते. मागे त्यांचा माणूस बसतो आणि बोलत राहतो. तेवढ्यात आरसे चांगले आहेत इतकेच कळते. पुढे एका वर्गमित्राच्या मामांनी आपली गाडी एक दिवस देऊ केली आणि खरी परीक्षा झाली. एका रविवारी मी जुनी गाडी घेऊन कोल्हापूरहून वाघबीळमार्गे पन्हाळ्यावर गेलो आणि परतलो. पुढच्या रविवारी त्याच वेळी, त्याच वाटेने, नवी घेऊन. दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरून निघालो व परत येऊन त्याच पंपावर पुन्हा भरली. जुनीने लिटरला 31 चे अॅव्हरेज दिले, नवीने 35 चे. घाट धरून हा फरक आहे. त्यावरून गाडी बदलावी असा तो नव्हे.

फरक सुरू होतो तो किल्ली फिरवल्यापासून. जुनी बुलेट सुरू करणे हा एक विधी आहे. किल्ली लावली आणि किक हलकेच दाबत गेले की हेडलाइटच्या वर बसवलेल्या अँमीटरचा काटा उणे बाजूला झुकतो. इग्निशनचे पॉइंट मिटलेले आहेत, बॅटरीतून वीज जाते आहे, असा त्याचा अर्थ. आणखी दाबले की किक कडक होते आणि काटा मध्यावर येतो. पॉइंट उघडले, पिस्टन माथ्याजवळ पोहोचला. आता हॅण्डलवरचा डीकॉम्प्रेसर दाबायचा. त्याने एक व्हॉल्व्ह उचलला जाऊन कोंडलेली हवा सुटते आणि पिस्टन माथ्याच्या किंचित पलीकडे नेता येतो. मग डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि पूर्ण वजनाने मारायची. पिस्टन माथ्याच्या अलीकडे असताना ठिणगी पडली, तर तो उलटा येतो आणि किक पायाला परत फेकते. आमच्या भागात बुलेटच्या किकने लंगडणारे दोन-चार जण प्रत्येक गावात सापडत. जोर करून ही गाडी सुरू होत नाही. काटा वाचता आला तर माझ्यासारख्या हडकुळ्या माणसाच्याही एका किकेत होते.

नव्या गाडीला किकच नाही. बटण दाबले की ती सुरू. अँमीटर नाही, डीकॉम्प्रेसर नाही, चोक नाही, पेट्रोलचा कॉक नाही. कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. धुराड्यातल्या वायूत प्राणवायू किती उरला हे मोजून, त्यानुसार क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करणे त्या नियमांसाठी गरजेचे झाले. हे काम पूर्वी चालकाचा कान करीत असे. थंडीत चोक किती ओढायचा, चढावर आवाज बदलला की मूठ किती सोडायची, हे मला कुणी शिकवले नव्हते. मागे बसून वडिलांचा हात पाहूनच ते कळले. नव्या गाडीवर पन्हाळ्याचा घाट चढताना माझ्या उजव्या मनगटाला काहीच काम नव्हते. तेव्हा मला दोन अश्वशक्तींचा हिशेब उलगडला. ताकद वाढलेलीच नाही. चालकाच्या अंगात होते ते ज्ञान यंत्रात गेले.

थरथरीचेही तेच. एकच मोठा पिस्टन वर-खाली धावतो, तेव्हा प्रत्येक टोकाला थांबून उलटा फिरताना तो साऱ्या गाडीला हिसका देतो. त्याला तोल म्हणून क्रँकवर वजन घालतात. पण ते वजन गोल फिरते, म्हणून वर-खालचा हिसका थोडा मिटला की पुढे-मागे नवा सुरू होतो. एका हातात भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या माणसासारखी ही गत. नव्या इंजिनात क्रँकच्या उलट दिशेने, त्याच वेगाने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. म्हणजे दुसऱ्या हातातही घागर दिली. परिणाम असा की जुनीवर साठच्या पुढे आरशात मागचा ट्रक होता की झाड होते हे ओळखू येत नाही, तर नवीवर ऐंशीलाही नंबरप्लेट वाचता येते. मुठी बधिर होत नाहीत. आवाजाच्या भक्तांना मात्र नवा आवाज पचणार नाही. तो गोड आहे, पण जुनीचा एकेक ठोका वेगळा मोजता येई, तसा येत नाही. (सायलेन्सर फोडून तो आणू पाहणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातल्या मुलांना विचारावे.)

आता पायांकडे येतो. आमच्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. ही जुनी ब्रिटिश रीत. 1970 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या साऱ्या मोटारसायकलींना डाव्या पायात गिअर सक्तीचा केला आणि हळूहळू जगभर तीच रीत झाली. सवय झाली की दोन्ही सारखेच, असे म्हणतात, आणि सावकाश चालवताना ते खरेही आहे. पण अडचणीच्या क्षणी पाय विचारून हलत नाही. नवी गाडी घेतली त्या सकाळी पहिले सात-आठ किलोमीटर मी मुद्दाम तीसच्या वर गेलो नाही आणि मोकळ्या रस्त्यावर वारंवार ब्रेक लावून उजव्या पायाला नवे काम सांगत राहिलो. दोन प्रकारच्या गाड्या घरात आळीपाळीने चालवायच्या असतील तर हा धोका कायमचा आहे. तो मी वडिलांना सर्वांत आधी सांगितला.

आणि ब्रेक. खरे तर हा लेख ब्रेकवरच संपायला हवा होता, इतके ते महत्त्वाचे. गळीत हंगामात आमच्या रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग असते; मागे दोन-दोन ट्रॉल्या, अनेकांना दिवा नाही, आणि रस्ताभर पाचट सांडलेले. दवात भिजलेले पाचट तेलासारखे निसरडे होते. जुन्या गाडीला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. त्यांत दोन नाले आतून ड्रमला घासतात. उतारावर ते तापले की पकड ढिली पडते. पन्हाळ्याहून उतरताना मी त्यांना विश्रांती देत, गिअर खाली टाकून इंजिनाच्या अडवणुकीवर गाडी आणतो. नवीला दोन्ही चाकांना डिस्क आहेत, पुढची 300 मिलिमीटर व्यासाची. मोकळ्या हवेत असल्याने त्या लवकर निवतात.

पण मोठी गोष्ट एबीएसची. ब्रेक जोरात लागून चाक जाम झाले, की ते फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते, म्हणून गाडी आडवी होते. एबीएसमध्ये चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग मोजत असतो. चाक जाम होऊ लागले की ब्रेकमधला दाब सेकंदाला अनेक वेळा सोडला आणि पुन्हा धरला जातो. 125 सी.सी.वरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून हे बंधनकारक झाले. आमच्या माळावरच्या रस्त्याला मी पाचट पसरले, पाणी मारले आणि चाळीसच्या वेगात नवीचा ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली खडखड लागली आणि गाडी सरळ उभी राहिली. जुनीवर हा प्रयोग मी केला नाही, करू नये. एक सांगितले पाहिजे की सुट्या खडीवर एबीएसची गाडी थोडी लांब जाऊन थांबते. थांबण्याचे अंतर ते प्रत्येक वेळी कमी करीलच असे नाही. गाडी उभी ठेवणे हे त्याचे काम.

नवीच्या विरुद्ध बाजूलाही लिहिण्यासारखे आहे. बॅटरी पूर्ण उतरली तर ती ढकलूनही सहसा सुरू होत नाही, कारण पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो. जुनी मला वाटेत दुरुस्त करता येते. पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरून इंजिन हाताने फिरवायचे. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर आमच्या मेस्त्रींनी तीस वर्षे संसार केला. नव्या गाडीत पिवळा दिवा लागला, तर तो काय म्हणतो हे वाचायला वर्कशॉपमधले यंत्र लागते. मेस्त्री म्हणाले, "बाळ, ती बिघडायची न्हाई लवकर. पन बिघडली तर मला दाखवू नगंस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तरी मला ते लागले.

शेवटी बहिणीला माळावर नेऊन दोन्ही गाड्या दिल्या. तिचे लायसन्स नुकतेच निघाले आहे आणि ती शिकली ती डाव्या गिअरच्या गाडीवर. जुनीवर बसताच तिने विचारले, "दादा, ब्रेक कुठं गेला?" नवीवर तिने काहीच विचारले नाही. वजनाची मला भीती होती. उभी असताना ती गाडी तिला जड जाते, चालू झाल्यावर नाही. एका जागी वळवायला मात्र तिला अजून माझी मदत लागते.

वडिलांना मी नवी घ्या असे सांगितले आणि कारण एकच दिले, ब्रेक. त्यांनी पाचटावरचा प्रयोग स्वतः पाहायला मागितला, पाहिला, आणि गाडी बहिणीच्या नावावर घ्यायचे ठरवले. जुनीचे बोअर लांबणीवर पडले. तिची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची होती, नंतर दर 5 वर्षांनी नवी करावी लागते. ती पुन्हा 2026 मध्ये करायची आहे. तोवर ती शेतापर्यंत जाईल-येईल आणि रस्त्यावर वडिलांखेरीज कुणी चालवायची नाही. बहीण तिची किक शिकायची म्हणते. काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर दाबायचा, हे तिला दुसऱ्याच दिवशी जमले.