जीपगाडीवरील ओरखडे
सह्याद्रींत करवंदीच्या जाळ्यांतून जीपगाडी नेली कीं तिच्या अंगावर ओरखडे उमटावयाचेच. पुष्कळ गृहस्थ लागलीच पॉलिश घेऊन बसतात. पण आधीं चिखल भरपूर पाण्यानें धुवावा, नाहींतर त्यांतील वाळूच नवे चरे पाडते. मग ओरखड्यावरून नख आडवें फिरवावें. तें अडकलें नाहीं, तर चरा बहुधा वरच्या पारदर्शक थरांतच असून पॉलिशनें जाईल. मात्र हा थर सुमारें ४०–५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. वारंवार घासल्यास तोच झिजतो. चार बारीक रेषा राहिल्या तर खुशाल राहूं द्याव्या. रानांत फिरणाऱ्या गाडीला त्या शोभतातही! पत्रा उघडा पडल्यास मात्र हयगय नको. कोंकणच्या खाऱ्या, दमट हवेंत गंज रंगाखालून पसरत जातो. तो खरवडून प्राइमर, रंग व वार्निश यांचे पातळ हात पावसाळ्यापूर्वींच द्यावे.