जुहूचे मैदान आणि वक्तशीर टपाल

मुंबईचा विमानतळ म्हटले की सांताक्रूझ आणि सहार ही नावे चटकन ओठांवर येतात. तथापि या महानगराच्या विमानवाहतुकीचा श्रीगणेशा झाला तो १९२८ साली, जुहूच्या समुद्रालगतच्या सपाट मैदानावर. तेथे ना पक्की धावपट्टी होती, ना रात्रीचे दिवे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी या मैदानाचे भाग्य उजळले. लंडनहून येणारे हवाई टपाल त्या काळी कराचीस उतरत असे. ते मुंबई-मद्रासपर्यंत पोचविण्याचे काम टाटांनी सरकारी अनुदानाविना पत्करले. त्या दिवशी सकाळी जे. आर. डी. टाटा ‘पुस मॉथ’ या छोट्या विमानातून सुमारे २५ किलो टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला विमानासाठी इंधन आले ते बैलगाडीतून! दुपारी ते जुहूस उतरले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढील टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

खरी कसोटी होती ती पावसाळ्याची. जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि विमाने उतरणे अशक्य होई. अनुदानाचा आधार नसलेल्या सेवेला चार महिने थांबणे परवडणारे नव्हते. त्यावर साधा उपाय योजला गेला. पावसाळ्यापुरता सारा संसार पुण्यास, येरवड्याच्या मैदानावर हलविण्यात येऊ लागला. सह्याद्रीवरील ढग आणि वादळी पाऊस यांना तोंड देत पहिल्या वर्षभरात टपाल एकदाही उशिरा पोचले नाही. नागरी विमानवाहतूक खात्याच्या अहवालानेही या वक्तशीरपणाची प्रशंसा केली. ज्यांची व्यापारी कागदपत्रे त्या थैल्यांतून जात, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

वाढत्या वाहतुकीला मात्र बारमाही विमानतळ हवा होता. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझ येथे लष्करी विमानतळ उभा राहिला आणि युद्धानंतर प्रवासी वाहतूक तिकडे वळली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ने मुंबईहून लंडनकडे झेप घेतली.

जुहूची स्मृती मात्र पुसली गेली नाही. १९८२ साली, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, ७८ वर्षांचे जे. आर. डी. छोट्या विमानातून कराचीहून पुन्हा जुहूसच उतरले. आज तेथून प्रामुख्याने हेलिकॉप्टरे उडतात. साधने तोकडी असतानाही दिलेली वेळ पाळण्यातून विश्वास संपादन करता येतो, याची साक्ष हे मैदान अजूनही देत आहे.