मरणाचा कागद

विहिरीत कुणी बुडून मेला, की गावात पोलीस येतात. पंच बोलावतात. प्रेत पाहून पंचनामा लिहितात. पंचांनी तो आधी वाचावा, मग सही करावी.

पण माणूस कोठडीतच मेला तर? तिथं गावचे कुणी नसते. म्हणून कायद्याने ठरविले आहे, की अशा मरणाची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेही करावी. घरच्यांना शक्यतो कळवावे, आणि चौकशीला हजर राहू द्यावे.

वाशीमहून हिंगोली ओलांडली, की पुढे परभणी. तिथं डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मेला. सरकारने सांगितले, मारहाण झाली नाही, त्याला आजार होता. शवविच्छेदनाच्या कागदात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू, असे लिहिले होते. आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथंही हुकूम कायम राहिला.

सरहद्दीवरच्या फौजेची हालचाल गुप्त हवी, हे खरे. पण आपला माणूस कशाने मेला, हे घरच्यांना कळू नये काय?

माहिती अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. त्याने असा कागद मागता येतो. तपासात अडथळा येईल म्हणून नकार मिळू शकतो. पण नकाराचे कारण लेखी द्यावे लागते. त्यावर अपीलही करता येते.

तेव्हा कागद मागायला भिऊ नका. आता तो आपल्याला वाचताही येतो.